पुड्यावरचं नाव

१२ मार्च २००३
पूजा उरकून गच्चीवर. शेजारच्या कमलताईंच्या कुरडया आमच्याच गच्चीवर वाळतात, त्यांच्या घरावर पत्रा, गच्ची नाही. चीक घोटावा तर त्यांनीच. पेठला हायवेवरचा दुकानदार पुडे ठेवायला तयार झालाय. पण तपासणीवाल्या साहेबाने त्याला बजावलंय: पुड्यावर करणाऱ्याचं नाव, गाव, वजन, तारीख हवी. नुसतं ‘घरगुती’ चालणार नाही.

१५ मार्च
दुकानदार ह्यांना म्हणाला, “वैनींचं नाव टाका ना राव. कुरडई लई झ्याक, पण आडनाव वाचलं की गिऱ्हाईक पुडा खाली ठेवतं.” कमलताई बौद्ध, म्हणून. ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं.
मी कमलताईंना सांगून टाकलं. लपवून काय करायचं. सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाल्या, “वैनी, चीक मी घोटलाय. सरकार करणारीचं नाव मागतंय, तर माझंच देऊ की.” वर हसतात! “आन् तुमचं नाव टाकलं, कुरडई तेलात फुललीच न्हाई तर? शिव्या तुमाला!”

१९ मार्च
मंचरहून रबरी शिक्का करून आणला त्यांनी. पूर्ण नाव, आडनावासकट. एकेक पुड्यावर स्वतः उठवला. शाई वाळेपर्यंत मला हात लावू देईनात.

२२ मार्च, शनिवार
उपास. कमलताईंबरोबर पेठला. दुकानदाराने किमतीची चिठ्ठी नेमकी नावावर चिकटवलेली. सगळ्या पुड्यांवर. माझं डोकंच फिरलं. ताई शांत. पाणी मागितलं, बोट भिजवून एकेक चिठ्ठी सोडवली, खाली लावली.
“भाऊ, किंमत कुठं बी लावा. नाव झाकलं तर साहेब तुमालाच धरंल.”
“ताई, तुमी वकील व्हायला पायजे व्हतं.”
“वकिलाला कुरडया जमत्यात व्हय?”
शेवटी म्हणाला, पाडव्यापर्यंत ठेवतो. नाही खपलं तर परत.
रोज जप करते मी. पण मन ताईंच्याएवढं थाऱ्यावर नाही.

२ एप्रिल, पाडवा
नैवेद्याला कमलताईंच्याच कुरडया तळल्या. पुडा ओट्यावर, नाव वर. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. मोठ्याने, पूर्ण.
“गार होत्यात. दाखव नैवेद्य.” एवढंच.
हे दुकानात गेलेत. पुडे घेऊन येतात की मोकळ्या हाताने, देव जाणे. मी सारखी दारात. कमलताईंनी एकदाही रस्त्याकडे बघितलं नाही. नवीन गहू भिजत घातलेत त्यांनी.