आप्पांचं जपानी

कानाझावा, जपान
१९ जानेवारी १९९७

तीर्थरूप आप्पा,

तुमच्या पायांवर इथूनच डोकं ठेवते.

मी बरी आहे. बर्फ लई पडतो, पण आईनं दिलेला स्वेटर पुरतो. आपल्या विद्यापीठातनं आलेली मी एकटीच. मी राहते त्या घरच्या आजी जीव लावतात.

काल त्या दारापुढच्या निसरड्या पायऱ्या उतरत होत्या. मी एकदम ओरडले, "आशिमोतो नी की ओ त्सुकेते कुदासाई!" वेरूळच्या लेण्यांत जपानी पाहुण्यांना तुम्ही म्हणता तेच, 'जपून, पायाखाली बघा.'

आजींनी माझा हात धरला. "इतकं अदबीनं बोलायला कुणी शिकवलं?"

"वडलांनी. ते गाइड आहेत. पाहुण्यांचं ऐकून ऐकून शिकले."

"मग एकदा त्यांना जपान दाखव की."

मी 'हो' म्हणाले आणि आत जाऊन धुतलेलीच भांडी परत धुतली.

आईनं लिहिलंय, तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून कामावर जाता. छावणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं का? खरं सांगा.

इथं कॉलेजात, घरात दिवसभर जपानीच बोलावं लागतं. पण आप्पा, ते एक वाक्य बोलताना मला मराठी बोलल्यासारखं वाटलं.

तुमचीच,
कावेरी