अर्धवट थांबवलेले रडणे पूर्ण करू देणेबाबत

दिनांक : १५ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. परवानगी अधिकारी,
सामुदायिक संग्रहालय समन्वय कक्ष,
वाशीम.

विषय : दि. ४ रोजीच्या संग्रहालय संध्येत मध्येच थांबवण्यात आलेले रडणे त्याच जागी पूर्ण करू देणेबाबत.

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जावर आलेले आपले दि. १० ऑक्टोबरचे पत्र, अट क्र. ४, ५ व ६.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, मी फुलचंद नाईक तांडा, ता. मानोरा येथील बंजारा लोकसंग्रहालयाची सेविका आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेची एक खोली आणि पुढचे पटांगण. दिवस फार थोडे उरले आहेत, म्हणून अर्ज लांबला तरी तो शेवटपर्यंत वाचावा.

१. दि. ४ रोजी नाच, चित्रपट आणि गोष्ट असा कार्यक्रम होता. बायकांचा नाच वेळेत झाला. त्यानंतर शिवम राठोड यांनी काढलेला बारा मिनिटांचा चित्रपट लागला. त्यात माझ्या मावससासूबाई हेमलाबाई त्यांच्या पुसदकडच्या तांड्यात बसून गोष्ट सांगतात. पूर्वी मीठ वाहणाऱ्या आमच्या बैलांची ही गोष्ट दोघी बहिणींत वाटलेली आहे. नदीपर्यंतची माझ्या सासूबाई कमलीबाईंकडे आणि नदीपलीकडची हेमलाबाईंकडे. दोघींची नऊ वर्षे भेट नव्हती. एक उसाच्या फडावरून परतायची तेव्हा दुसरी वीटभट्टीवर असायची, आणि पावसाळ्यात कोणालाच शेत सोडवत नसे.

२. पडद्यावर बहीण दिसताच सासूबाई उठून उभ्या राहिल्या. एस.टी. उशिरा आल्यामुळे खऱ्या हेमलाबाई नेमक्या त्याच वेळी पटांगणात शिरल्या. दोघी गळ्यात पडल्या आणि रडू लागल्या. महोदय, आमच्यात फार दिवसांनी भेटलेल्या बायका अशाच सुरात रडतात. त्याला आम्ही ढावलो म्हणतो. कोण जन्मले, कोण आजारी पडले, कोण गेले, हे सगळे त्या सुरातच सांगायचे असते आणि मग साध्या बोलण्याला सुरुवात होते.

३. मंचावर आपल्या कक्षाचे प्रतिनिधी होते. त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोणीतरी वारले असे समजून त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि सर्वांना उभे राहून दोन मिनिटे शांतता पाळण्यास सांगितले. माइकवरून सांगितलेले आमचा तांडा ऐकतो. सगळे उभे राहिले. सगळे गप्प झाले म्हणून त्या दोघीही गप्प झाल्या. मी लॅपटॉपजवळ होते. मंचापर्यंत पोचले तोवर शांतता सुरू झाली होती आणि शांततेत ओरडणे मला शोभले नसते. ही माझी चूक मी लेखी मान्य करते. त्यानंतर सत्कारासाठी आणलेला हार पडद्यावर थांबलेल्या हेमलाबाईंच्या चेहऱ्यावर चढवण्यात आला आणि कार्यक्रम संपल्याचे जाहीर झाले. हेमलाबाई पहिल्या रांगेत उभ्या राहून हे सर्व बघत होत्या.

४. तेव्हापासून आज अकरा दिवस दोघी आमच्याच घरात आहेत आणि एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत. भांडण नाही. रडणे पुरे झाल्याशिवाय बोलायचे कसे, असे दोघींचे म्हणणे आहे. मीठ हवे असेल तर हेमलाबाई माझ्याकडे बघतात, मी सासूबाईंकडे बघते. माझे जेवण सुटले आहे.

५. आपल्या पत्रातील अट क्र. ४ नुसार कार्यक्रमात रडण्यास मनाई असून "घरी रडण्यास या कक्षाची हरकत नाही." ही अट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत कळवते : "लोकायच्या समोर थांबवलं, आता लोकायच्या समोरच पुरं करीन. घरात तोंड झाकून रडाले मी का चोरी केली?"

अट क्र. ५ नुसार माहिती : रडणाऱ्या दोघी, कमलीबाई (वय ७३) व हेमलाबाई (वय ६८). वेळ : संपेपर्यंत.

अट क्र. ६ नुसार रडण्याचा मजकूर अनुवादासह आधी द्यायचा आहे. तो आधी तयार नसतो. याचा खुलासा करण्यासाठी मी सोमवारी कक्षात आले होते. शिपाई चंपतराव आत जाऊन आले आणि म्हणाले, "ताई, सायब पुसून राह्यले का, तुमच्यात हसाचं काई नसते का?" असते, महोदय. ते रडण्यानंतर असते.

६. आता खरे कारण लिहिते. माझे सासरे खेमा आडे दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हा हेमलाबाई फडावर होत्या आणि मुकादमाने सुट्टी दिली नाही. सासूबाई त्या दिवशी रडल्या नाहीत आणि नंतरही नाहीत. बहीण भेटल्यावर रडीन, एवढेच म्हणाल्या. दि. ४ रोजी त्यांचे बाळंतपणांचे, मेलेल्या बैलाचे आणि उडालेल्या पत्र्यांचे सांगून झाले होते. सासऱ्यांपर्यंत त्या पोचायच्या होत्या. तेवढ्यात दोन मिनिटांची शांतता झाली. आता त्या रोज सकाळी अंघोळ करून तयार होऊन बसतात आणि मला विचारतात, "कागद आला का?" मला याचे फार वाईट वाटते आणि रागही येतो.

७. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दि. २४ रोजी, ऊसतोडीचा ट्रक हेमलाबाईंना न्यायला येणार आहे. फडावर नातवंडे सांभाळायला त्यांना जावेच लागते. पुढची भेट केव्हा होईल हे त्यांच्या वयाकडे बघून मी लिहीत नाही.

तरी शनिवार दि. १८ रोजी सायंकाळी पाच वाजता त्याच पटांगणात परवानगी मिळावी. नाच, चित्रपट, सत्कार काही नसले तरी चालेल. नदीपलीकडची गोष्ट वेळ उरला तर होईल. मंचावरील मान्यवरांनी फक्त बसून राहावे आणि आमची ती दोन मिनिटे आम्हाला परत द्यावीत.

आपली नम्र, पण घाईतली,
(सही)
सौ. मंजू करण आडे
सेविका, बंजारा लोकसंग्रहालय

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. हेमलाबाईंचा आजचा फोटो (हयात).
३. पडद्यावरचा हार, वाळलेला, परत.
४. अट क्र. ६ नुसार रडण्याचा मजकूर, तीन प्रती (तिन्ही कोऱ्या).