‘दु’ एवढीच नोटीस

सोम., ९
तिसऱ्या मजल्यावरचे सावंतकाका पहाटे गेले. सकाळीच नेलं. ऑफिसात ॲपच्या नव्या व्हर्जनचं रिलीज, म्हणून नमस्कार करून मरोळला पळाले. सेक्रेटरी म्हणून आईने सोसायटीच्या ॲपवर नोटीस टाकली होती (ॲप आमच्याच कंपनीचं, मराठीचं काम माझं). संध्याकाळी आई : ‘‘माणसं फारच थोडी होती गं.’’ पार्किंगवरून काकांनी अर्ध्या सोसायटीशी भांडणं केलेली. पण मेल्यावर वैर संपतं ना?

मंगळ., १०
लिफ्टमध्ये कुलकर्णीकाकू : ‘‘काल तुमच्या ॲपवर ‘दु’ असं काय आलं होतं गं? मला वाटलं दुधाचं काहीतरी.’’ सावंतकाका गेल्याचं त्यांना रात्री कळलं म्हणे. माझा फोन पाहिला. खरंच, नुसतं ‘दु’. डोकं चालेना.

बुध., ११
सापडलं. आईने ‘दु:खद निधन’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाकला. माझा कोड कोलनच्या आधीचं ते शीर्षक धरतो आणि फोनवर तेवढंच दाखवतो. ‘पाणी: उद्या दुपारी बंद’ असेल तर नुसतं ‘पाणी’. झकास चालायचं. बाकीचं उघडल्यावर दिसतं, पण ‘दु’ कोण उघडणार?
आई चिडली. ‘‘आमच्या टाइपरायटरला दोन्हीची एकच कळ होती. दिसायला सारखंच, तुझ्या मशीनला कळत नाही त्यात माझं काय चुकलं?’’ काहीच नाही. मग चुकलं कुणाचं?

गुरु., १२
निखिल, आमचा टीम लीड : ‘‘सरळ सगळ्या कोलनचे विसर्ग कर ना यार.’’ केले. आता ‘पाणीः’ झालं. दिसतं तसंच, पण शीर्षक गायब. वाट लागली. परत फिरवलं. दुपारभर टिंबांकडे बघत बसले, कोलनची कुठली, विसर्गाची कुठली तेच कळेना.

शुक्र., १३
सावंतकाकूंकडे पिठलंभात घेऊन गेले. म्हणाल्या, ‘‘ह्यांनी सगळ्यांका दुखवल्यानी, म्हणान कोण येवक नाय.’’ रडल्या नाहीत. ‘दु’चं सांगायचं होतं, पण डबा ठेवून परतले. फार लाज वाटली.

रवि., १५
सांगितलं. फोन काढून ‘दु’ दाखवला. म्हटलं, काकू, लोकांना कळलंच नाही, माझ्या कोडमुळे. त्यांनी नीट ऐकून घेतलं.
‘‘दोन टिंबांपायी? गुणाची आसस गो तू. पण माजी समजूत काढू नको.’’
आईची शप्पथ घेतली. तर माझ्याच पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकायला उठल्या.
खाली आले. लिफ्टशेजारच्या फळ्यावर छापील नोटीस अजून आहे. काकांचं नाव मोठ्या अक्षरात. आईला विचारलं, कधी लावलीस? ‘‘त्याच दिवशी. त्यांना न्यायच्या आधी.’’
सगळे तिथेच तर उभे असतात, लिफ्टची वाट बघत.
काकूंना मी खरं सांगितलं, की नुसती समजूत काढली?