रुमाल टाकलेली खुर्ची

३ मे १९७९, गुरुवार
फर्स्ट शिफ्ट. वरचा पत्रा तापलेला, पॅकिंगला पंखा एकच अन् तोबी सुपरवायझरच्या डोक्यावर. खोकी चिकटवून बोटं सोलली. कंबर गेली कामातून. कमल म्हणली, रविवारी नवा मारामारीचा पिक्चर लागतोय. तेवढ्यावर उरलेली शिफ्ट निघाली.
हे विचारतात, बायामाणसाला मारामारी बघून काय मिळतं? गार हॉल मिळतो. अन् आपल्याला ज्यांना हाणावं वाटतं त्यांना दुसरं कुणीतरी हाणतं.

६ मे, रवि.
नेहमीसारखं. कमल उंच, बायांच्या लायनीत कोपरं घालून तिकिटं काढती. ती शेंगा घेईपर्यंत मी आत पळायचं. खुर्च्यांना नंबर नाहीत. कुलरजवळच्या दोन धरायच्या, एकीवर आपण, एकीवर रुमाल. रुमाल टाकला की ती खुर्ची कुणी घेत नाय.
डॉक्युमेंट्रीच्या आधी बसायचं हा नेम. लोक तेवढ्यात बाहेर बिड्या ओढतात. गाण्याबजावण्याची असली की आम्हाला पिक्चरइतकीच आवडती. आज हलगीवाल्यांवर होती. एक म्हातारा, काय बोटं त्याची! कमल शेंगा खायची थांबली. म्हणली, "माझ्या बापाची अशीच चालायची. गावकीची कामं सोडली तवा हलगीबी फोडली त्यानं."
पुढं हिरोनं जीप छपरावरून उडवली तेव्हा शिट्टी मारली तिनं. बाया वळून बघायला लागल्या. लई हसलो.

१० मे, गुरु.
देवगावहून आत्याबाई आल्या. महिनाभर राहणार म्हणे. ह्यांची आई, यायलाच पाहिजे. पण खोली एक. शिफ्टवरून येऊन भाकरी, भांडी, पाणी. पडले की उठवंना.

१२ मे, शनि.
उद्याचं ठरवायला कमल आलती. मी नळावर. आत्याबाईंनी तिला दारातच नाव, गाव, आडनाव विचारलं. पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. मी हंडा घेऊन आले तर ही पदराला हात पुसत निघालेली. "उद्या जमत नाय गं, सुमन." बस, एवढंच.
आत्याबाई म्हणल्या, नामांतरावरून गावागावात काय पेटलंय, तुला ठाव नाय का? ठाव हाय. मागच्या पावसाळ्यात कमलच्या मामाचं घर त्याच्यातच जळलं. मी म्हणलं, "आपण धनगर. पाटलाकडं लोकर घेऊन जायच्या, तवा तुम्हाला कुठं बसवायचे?"
आत्याबाई रडल्या. मग हे माझ्यावर ओरडले. कुणीच जेवलं नाय. लई राग आलाय, पण रागवायलाबी अंगात काही उरलं पाहिजे.

१६ मे, बुध.
कमल डबा दुसऱ्या बाकावर खाती. बोलती ते कामापुरतं. मी माफी मागायला गेले तर म्हणली, "पाणी काय तू ओतलंस?"
तिच्यावाचून करमत नाय मला. खरं ते खरं.

२० मे, रवि.
शुक्रवारीच सांगून ठेवलतं, मी जाणार, तुझं तिकीट दारवानाकडं ठेवीन. हो म्हणली नाय, नायबी म्हणली नाय.
लायनीत एकटीनं घुसले. ब्लाउजची बाही उसवली. दारवानचाचांनी विचारलं, "दूसरी बाई किधर है?" म्हणलं, आयेगी.
कुलरजवळ बसले, शेजारी रुमाल. डॉक्युमेंट्री सनईवाल्याची. तिला आवडली असती. दाराचा पडदा हलला की मान तिकडं.
हॉल भरला. एक बाई लेकरू घेऊन उभी. "कुणी हाय का इथं?" "हाय." अर्ध्या पिक्चरला तिनं परत विचारलं. तिचं लेकरू मांडीवर घेतलं मी, पण रुमाल उचलला नाय. मनात लाज वाटत होती. शेवटच्या मारामारीत कोण कुणाला मारतंय तेच कळंना.

२१ मे, सोम.
खोकं उचलताना समोरून कुणीतरी धरलं. कमल. खाली बघूनच म्हणली, "काल आधी काय होतं?"
"सनईवाला. गाल असे फुगवायचा."
थोडं चाललो.
"कुलरजवळ मिळाली का जागा?"
"मिळाली. दोन."
तिनं खोकं ठेवलं अन् पुढचं आणायला गेली. पुढच्या रविवारचं विचारायचं माझ्या तोंडातच राहिलं.
घरी येऊन रुमाल धुतला. आत्याबाईंनी विचारलं, हा कुणाचा? म्हणलं, कमलच्या खुर्चीचा. दिवस कलल्यावर त्यांनी दोरीवरचे सगळे कपडे काढले, घड्या घातल्या. तो तेवढा हात न लावता दोरीवरच ठेवला. मी जाऊन काढला.