सहाजणी आणि एक आवाज

चेल्याबिन्स्क,
१७ नोव्हेंबर १९९९

प्रिय रिमोच्का,

कशी आहेस? गुल्सिना मावशींचे गुडघे बरे आहेत का? थंडी पडली की त्या दारातल्या बाकावर बसून सगळ्या सिज्रान गावाला शिव्या घालायच्या, ते अजून चालू असेल. मी ठणठणीत आहे. इथे बर्फ पडून आठवडा झाला. बूट फाटलेत, पण फेल्टचे जुने बूट मिळालेत, त्यात दोन मोजे घालून फिरते.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र चुलीत टाकणार होतीस, हे मला ठाऊक आहे. टाकलं नाहीस, तर आता शेवटपर्यंत वाच.

आमची बातमी तुला टीव्हीवरून कळतच असेल. आम्हा तिघी गाणाऱ्यांच्या ‘सिनीची’ला तीन वर्षं झाली. बाजारातल्या कॅसेटच्या टपऱ्यांवरून सुरुवात झाली, मग रेडिओ, मग नववर्षाचा कार्यक्रम, मग स्टेडियम. शाळेतल्या पोरी माझ्यासारखी कपाळावर तिरकी बट कापून घेतात. समारामध्ये एका बाईने मला मिठी मारली आणि म्हणाली, “बाळा, नवरा गेला तेव्हा तुझ्या आवाजाने मला जगवलं.” मी म्हटलं, “आभारी आहे.” काय म्हणणार होते?

नाहीतरी तुला वाटतं, मी आयत्या बिळावरचा नागोबा. वाटू दे. पण एक ऐकून ठेव, मीही गाढवासारखी राबले आहे. दिवसाला दोन कार्यक्रम, ताप असताना उंच टाचा, बसमध्ये झोप. ‘दुसरा प्लॅटफॉर्म’ गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी तू जो श्वास घेतलास ना, रेकॉर्डिंगच्या दिवशी तुला पडसं होतं म्हणून जरा अडकलेला, तो मी आरशासमोर महिनाभर शिकले. बरोबर त्या जागी डावा खांदा उचलायचा. आमचे निर्माते एदुआर्द ल्वोविच म्हणाले, “शाब्बास, आता तुझ्याच पोटातून आल्यासारखा वाटतो.” हेच ते गृहस्थ, जे तुझ्यासमोर म्हणाले होते, “हिला पडद्यावर दाखवायची तर दोन टीव्ही जोडावे लागतील.” तेव्हा सगळे हसले होते. मीसुद्धा हसले होते, रिम्मा. थोडंसंच, पण हसले होते.

आता गेल्या शनिवारचं सांगते.

क्रास्नोगोर्का नावाचं कारखान्याचं गाव आहे. पाच वाजता तिथल्या सांस्कृतिक भवनात कार्यक्रम. आम्ही मागच्या दाराने आत गेलो, तर रंगपटात आमचेच निळे झगे घातलेल्या तीन पोरी बसलेल्या. पिरोज्की खात होत्या. एकीच्या कपाळावर माझी बट.

“तू कोण?” मी विचारलं.

“ताया. ‘सिनीची’तली. आणि तू?”

“मीच ताया. तैसिया ग्रोमोवा.”

“अगं बाई,” ती म्हणाली, “मग मी कोण?”

दुसरी तुकडी आहे, अशी कुजबुज मी ऐकली होती. आम्ही ओम्स्कला असलो की कुणीतरी म्हणायचं, काल तुम्हाला मुर्मान्स्कमध्ये पाहिलं. एदुआर्द ल्वोविच म्हणायचे, लोक दारू पितात, काहीही बघतात. आणि आता त्यांच्याच कचेरीने दोन्ही बस एकाच गावाला पाठवल्या होत्या. भवनाच्या संचालिका फाइना बोरिसोव्ना कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “मी तीन पोरी मागवल्या होत्या. सहा कशा आल्या? मेंढ्या आहेत का, की वाटेत वाढल्या?” फोन लावला, तर साहेब शांतपणे म्हणाले, “त्यात काय एवढं? एक तुकडी पाचला, एक सातला. सातचीही तिकिटं विका. लोकांना काय कळतंय!”

त्या दुसऱ्या तायाचं खरं नाव क्रिस्टिना. सतरा वर्षांची आहे. मला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, “खरं सांगा, आवाज तुमचाच ना? मी तुमच्याच आवाजावर तोंड हलवते ना? म्हणजे निदान समोर कुणीतरी खरं आहे, एवढंच मला हवंय.”

मी म्हटलं, “हो. माझाच.”

आणि स्टेजवर गेले. टेप सुरू झाली. पहिलं कडवं झालं. तुझा तो श्वास आला, मी खांदा उचलला. सहज पडद्याआड नजर गेली, तर क्रिस्टिनानेही अगदी त्याच क्षणी डावा खांदा उचललेला. टीव्हीवर बघून शिकली होती बिचारी. तुझ्या पडशाची नक्कल माझ्याकडून, आणि माझी नक्कल तिच्याकडून! माझं डोकंच फिरलं. मी सरळ चालत टेपजवळ गेले आणि बटण दाबून ती बंद केली.

माइक तर मुळातच मुका होता, म्हणून ओरडून सांगितलं, “हा आवाज माझा नाही! सिज्रानच्या रिम्मा साफिनाचा आहे! ती बसस्थानकात गाड्यांच्या वेळा पुकारते!”

 मग मागून एक बाप्या ओरडला, “मग तू तिथे काय करतेस?”

“तोंड हलवते!”

लोक पोट धरून हसले. कुणीतरी म्हणालं, “आलीच आहेस तर गा आता!” शिट्ट्या, आरडाओरडा. मी गायले. माझ्याच आवाजात. तुला माहीत आहे तो कसा आहे. वरच्या सुरात फाटतो. दुसऱ्या ओळीला क्रिस्टिना आली, मग बाकीच्या. एकसारख्या झग्यातल्या सहाजणी, सहा वेगवेगळ्या सुरांत. पहिल्या रांगेतली एक आजी मांडीवरची पर्स घट्ट धरून म्हणाली, “भयंकर गाता गं पोरींनो. पण घसा तुमचाच आहे, थांबू नका.”

एदुआर्द ल्वोविचनी मला दुसऱ्या दिवशी काढलं. “नाव माझं, गाणी माझी. तुला आता खेड्यातल्या लग्नातसुद्धा कुणी बोलावणार नाही.” मी म्हटलं, “मग मी न बोलावता जाईन.” सध्या क्रिस्टिनाच्या आत्याकडे राहते. तीही निघून आली.

इथवर शूरपणा झाला. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये तुझे वडील इस्पितळात होते. तू तिथल्या फोनवरून मला विचारलंस, “एदुआर्द ल्वोविचनी कसलातरी कागद पुढे केलाय म्हणे. तू सही केली नाहीस ना?” मी म्हटलं, “वेडी आहेस का?” रिम्मा, सही आदल्या दिवशीच झाली होती. अकराही गाण्यांतला आवाज माझा आहे, असं मी लिहून दिलं होतं. कुणी दटावलं नव्हतं, पेन हातात कोंबलं नव्हतं. मला स्टेज हवं होतं, म्हणून केली. त्या कागदामुळेच तुझी तक्रार कुणी घेतली नाही, आणि तू खोटारडी ठरलीस. सगळ्या सिज्रानमध्ये.

सोबत नोटरीच्या शिक्क्याचा कागद आहे. अकरा गाणी, तारखा, स्टुडिओ, आणि प्रत्येकापुढे तुझं नाव. पहिला कागद मी खोटा लिहिला होता, हेही त्यात आहे. त्यापायी माझ्यावर खटला होऊ शकतो, असं नोटरीणबाईंनी तीनदा बजावलं. मी म्हटलं, “शिक्का मारा.” एदुआर्द ल्वोविचना भिऊन मी पुन्हा तोंड मिटणार नाही. एवढी वर्षं ते नुसतं उघडत मिटत होते, तेवढं पुरे झालं.

माफी मागत नाही. मागितली, तर तुला वाटेल मी उत्तराची वाट बघतेय. उत्तर नको. हा कागद घे आणि त्या माणसाला कोर्टात खेच. साक्षीला मला बोलाव, मी येईन. समोर आरोपीच्या बाकावर मलाही बसवायचं असेल, तर बसव. तरी मी येईन.

मावशींना मात्र हे वाचून दाखव. आवाज तुझाच आहे, हे खरं त्या दोन वर्षं बाकावर बसून एकट्याच बोलत होत्या.

एकदा खोटी सही केलेली, आज खरी करणारी,
तैसिया ग्रोमोवा