गौरीनं स्वतः घेतलेली सुई

वरवट बकाल, मंगळवार, संध्याकाळ

जेवणाआधी गौरीनं विचारलं, "आई, रक्तात साखर इतकी वाढली होती, तं मले थकवा काऊन येत होता?"

दवाखान्यातून तिला घरी आणल्यापासून मला हीच भीती होती, की ही असा प्रश्न विचारेल. शाळेत विज्ञान शिकवते मी, पण पोटच्या पोरीला सांगताना शब्द शोधावे लागले.

"साखर रक्तातच फिरून राह्यली होती, पेशीत जात नव्हती. पेशीत जाऊन मोडली, तवाच तिच्यातून ताकद निघते. त्याच्यासाठी इन्सुलिन लागते. तुह्या अंगात ते तयार होत नाही, म्हणून सुई."

ती म्हणाली, "आज मले टोचू दे."

सुईत इन्सुलिनची मात्रा मी भरली, दोनदा तपासली आणि सुई तिच्या हातात दिली. रोज मीच टोचते, आज नुसतं पाहायचं होतं. तिला नाही जमलं तर? पण तिनं स्थिर हातानं पोटाला सुई टोचली.

"दुखलं का वं?"

"मुंगी चावल्यावानी. आई, उद्या खो-खोले जाऊ?"

किती दिवसांनी खेळायचं नाव काढलं पोरीनं! हो म्हटलं. जेवण होताच ती बूट शोधायला लागली.