आईच्या नावचं उत्तर

यानातून,
४ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आता इतक्या लांब आलोय की मी इथून हाक मारली तर तुझी ओ यायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे फोनवर बोलणं संपलं, पत्रंच खरी. तू जास्त नंबरचा करून दिलेला चष्मा परवा बाहेर काढला. वजन नसलं की अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, डोळ्यांवर दाब येतो आणि नजर मंदावते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अगदी तसंच झालं. तुमच्या चष्म्याच्या दुकानाचं नाव मी मंगळापर्यंत नेतोय, मालकांना सांगून पगार वाढवून घे.

त्या कागदावरून तू अजून धुमसते आहेस असं दिसतं. प्रवासात घरी कुणाचं बरंवाईट झालं तर कळवायचं की नाही, हे निघताना प्रत्येकाकडून लिहून घेतात. मी ‘परत येईपर्यंत सांगू नये’ असं लिहिलं. विचार कर, हे यान मंगळाला वळसा घालूनच परत फिरणार. मध्येच मागे वळावं एवढं इंधन कुठल्याच यानात मावत नाही. मग कळून मी काय करणार? या डबीत आम्ही चौघं. त्यातला एक रडत बसला तर बाकीच्या तिघांनी जायचं कुठे?

आई माझी पत्रं ऐकते ना? काही म्हणते का? निघायच्या दिवशी तिनं दार उघडलं नाही, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तिला माझा नमस्कार सांग.

तुझी माया अशीच पोचत राहो.

तुझा,
ठोंब्या

---

घरून,
१० जून

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, पहिला माणूस वर गेला तेव्हा त्याच्याही आईला असंच वाटलं असेल. तर म्हणाली, त्याच्या आधी कुत्री पाठवली होती, तिला परत आणायची सोयसुद्धा केली नव्हती, हे मला सगळं ठाऊक आहे. एवढं बोलून डोळे मिटून घेतले. आजारातही जीभ शाबूत आहे.

तिचा राग समजून घे रे. बाबा तळावर यानात इंधन भरताना गेले. त्या दिवसापासून यान उडालं की ही खिडकी लावून घ्यायची. तू त्याच तळावरून उडालास. आपण लहानपणी गच्चीवरून यानं उडताना पाहायचो, त्याचीही बोलणी मीच खाते. मोठी ना मी.

तिचं दुखणं वाढलं आहे. याहून जास्त लिहिलं तर पुढची ओळ तुझ्यापर्यंत येणार नाही, कारण आमची पत्रं तळावरच्या बाई आधी वाचतात आणि मग पाठवतात. सही तू एकट्याने केलीस, ओझं मात्र माझ्या डोक्यावर आलं. वर इंधनाचा हिशोब मलाच समजावून सांगतोस. तू बरा सुटलास.

व्यायाम चुकवू नकोस. हाडं ठिसूळ होतात म्हणतात. जिवाला जप, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
ताई

---

घरून,
२० ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेलात आणि घर खायला उठलं. आईची औषधं दवाखान्यात देऊन आले, पलंग अजून हलवलेला नाही. सकाळी दुकानात एका गिऱ्हाइकानं विचारलं, आई कशा आहेत, तर मी बऱ्या आहेत म्हणून मोकळी झाले. ठोंब्याला रोज तेच लिहून लिहून तोंडाला वळण पडलं आहे. त्याला दुकानातल्या गमती लिहिते. तो हसतो.

मामा, माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. तुम्हालाच सांगते.

परवा त्याचं पत्र आलं, ते आईच्या नावानं. लिहिलं होतं, “आई, मंगळाला वळसा घातला. आता तोंड घराकडे आहे. खिडकीतून पृथ्वी ठिपक्याएवढी दिसते. तेवढ्याशा ठिपक्यात तू माझ्यावर रुसून बसली आहेस, हे मला इथे सोसत नाही. ताईकडून दोन ओळी लिहून घे. रागाच्या असल्या तरी चालतील.”

मी आईच्या रिकाम्या पलंगावर बसून उत्तर लिहिलं. आईच्या नावानं. राग गेला, बाबा असते तर तुला खांद्यावर घेऊन नाचले असते, सुखरूप ये, असं लिहिलं. ते तळावर नेऊन दिलं, तिथल्या बाईंनी वाचलं. आई गेल्याचं मीच त्यांना कळवलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाठवून दिलं.

आई असं बोलली असती का? तुमची बहीण होती, तुम्हीच सांगा. मला जेवण जात नाही.

प्रकृतीला सांभाळा. आता वडीलधारं म्हणावं असं तुम्हीच उरलात.

तुमची,
भाची

---

मुक्काम शेतावर,
२७ ऑगस्ट

चि. पोरीस,
मामाचे आशीर्वाद.

माझी बहीण एकदा नाही म्हणाली की त्याचं हो कधी झालं नाही. तुझ्या बाबांशी लग्न करू नकोस असं आमच्या वडिलांनी सांगितलं, तेव्हाही तिनं ऐकलं नाही, म्हणून तर तुम्ही दोघं आहात. ती असं बोलली नसती. तू जिवंत आईला मऊ करू शकली नाहीस, ते ती गेल्यावर केलंस. तुझी माया मला कळते. पण खोट्याच्या कपाळी गोटा, आणि हा गोटा तुझ्या नाही, त्या पोराच्या कपाळी बसायचा.

तिच्या नावानं आता दुसरं पत्र लिहू नकोस. जेवत जा. माझ्याकडे येऊन राहा म्हटलं तर येणार नाहीस, तूही तिचीच मुलगी.

तुझ्यावर जीव आहे, हे लक्षात ठेव.

मामा

---

यानातून,
३० ऑगस्ट

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं! बाकीच्या तिघांना वाचून दाखवलं. आमच्या कमांडरबाई सहसा हसत नाहीत, त्याही हसल्या. त्या दिवशी व्यायामाच्या पट्ट्यावर धावताना मला दमच लागेना.

आता खरं सांगतो. तो कागद मी यानासाठी भरला नव्हता. इंधन आणि चौघांची गोष्ट मी तुला तोंडाला पानं पुसायला सांगितली. आई रागातच गेली तर ते ऐकायची माझी छाती नव्हती, एवढंच खरं होतं. आता ती गाठ सुटली. जे व्हायचं ते होवो, ती मला आशीर्वाद देऊन बसली आहे. म्हणून आज मी तो कागद रद्द केला. इतके महिने तू एकटीनं सोसलंस, आता अर्धं माझ्याकडे दे. लपवू नकोस.

आई कशी आहे?

तुझी माया आहे म्हणून मी आहे.

तुझा,
ठोंब्या

---

घरून,
३१ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

आई गेली. तू मंगळापाशी पोचायच्या आधी, २ ऑगस्टला सकाळी. तळावरच्या बाई म्हणाल्या, कमांडर सांगतील, तशीच पद्धत आहे. मी म्हटलं, मीच सांगते. शेवटचे दोन दिवस तिला श्वास घ्यायला फार त्रास झाला. मामा आणि मी जवळ होतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. ते पत्र आईचं नव्हतं. मी लिहिलं. ती जाऊन दोन आठवडे झाल्यावर तुझं पत्र आलं, आणि उत्तर द्यायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तू त्याच्या जोरावर कागद रद्द करशील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिचा राग गेला होता का, मला माहीत नाही. शेवटच्या आठवड्यात तिनं तुझं नाव काढलं नाही. मी दोनदा विषय काढला, तिनं हातानंच थांबवलं. एखादी गोड आठवण शोधून लिहावी म्हणून तीन तास बसले, पण आणखी खोटं लिहिणार नाही. एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलंय की तुझं पत्र वाचून संपेपर्यंत ती कधी झोपली नाही. त्याचा अर्थ तू लाव.

मी तुझी दोनदा फसवणूक केली. एकदा तुझ्या सांगण्यावरून आणि एकदा माझ्या मनानं. त्या तिघांना जवळ बसू दे. एकटा राहू नकोस.

ताई

---

यानातून,
९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कमांडरबाईंनी कामातून सुट्टी दिली, मी घेतली नाही. हवेच्या जाळ्या साफ करत राहिलो. इथे रडू आलं की पाणी गालावरून ओघळत नाही, डोळ्यावरच गोळा होऊन बसतं, फडक्यानं टिपून काढावं लागतं. तिघंही आळीपाळीनं फडकं घेऊन येत होते.

पहिले काही दिवस तुझा फार राग आला. आशीर्वाद मिळाला म्हणून उडत होतो आणि तो तू परत घेतलास. मग सुचलं ते विचारतो. आईचं दुखणं साधं नाही हे निघण्याआधी मला ठाऊक होतं. तरी मी ते तुझ्यावर टाकून निघालो, आणि वर सांगू नये म्हणून सही केली. आईला आता विचारता येत नाही. तुला येतं. आईच्या नावानं तू मला माफ केलंस. तुझ्या नावानं काय लिहिशील?

गोड लिहू नकोस.

तुझा,
ठोंब्या

---

घरून,
१० सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

हो, राग आहे. आई गेली त्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुणाला कळवायचंय का. मी नाही म्हटलं. सख्खा भाऊ जिवंत असताना मला नाही म्हणावं लागलं, तो राग आहे. दोन ओळींत जाण्यासारखा तो नाही, आणि गेला असं मी लिहिणार नाही.

तू ये. समोर बस, मग मनासारखं भांडू. भांडायला मला दुसरं कुणी उरलेलं नाही, तुलाही नाही. तोवर रोज लिही. मी रागातच वाचीन, पण वाचीन.

लोभ आहेच. निवेपर्यंत रागालाही त्याच्या शेजारी जागा दे.

तुझी,
ताई